कात्री लावण्याआधी

"नाही म्हणजे नाही," म्हणून माईने चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तोंडच फक्त. कूस बदलणं तिच्या हातात नव्हतं, कारण काल सकाळी दुकानातल्या स्टुलावरून पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं अस्तराचं कापड काढायला तिला कोणीही सांगितलं नव्हतं. पण एखादी गोष्ट करू नकोस असंही आजवर तिला कोणी सांगू शकलं नव्हतं, त्यामुळे दोष तरी कोणाला देणार?

खोली एका माणसाच्या बेताची होती आणि माईखेरीज तिच्यात चौघं कोंबली गेली होती. खिडकीपाशी दादा, माईचा मुलगा. शिवणाचं दुकान तसंच टाकून आला होता आणि गळ्यात माप घ्यायची टेप राहून गेली होती. शेजारी ताई, माईची मुलगी, स्वतःच्या औषधांच्या दुकानातून पांढऱ्या कोटावरच आलेली. जिन्यात दोघांनी डॉक्टर समजून तिला रिपोर्टसुद्धा दाखवले होते. एकुलत्या खुर्चीवर मावशी, माईची धाकटी बहीण, कारण खुर्ची दिसली की मावशीचे गुडघे दुखायला लागतात. आणि पलंगाच्या पायथ्याशी वहिनी, दादाची बायको, नेहमीसारखी गप्प.

"काल तर हो म्हणालीस!" दादा म्हणाला.

"काल म्हणाले. आज नाही म्हणते."

"मग मध्ये काय झालं?"

"मध्ये सकाळ झाली."

सकाळी झालं होतं ते इतकंच. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई शिकाऊ पोरांचा घोळका घेऊन आल्या. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, "उजवा खुबा, सांधा बदलायचा, दुपारची दुसरी केस," असं त्या एक्स-रेलाच सांगितलं आणि गेल्या. मग नर्सने सहीसाठी पेन पुढे केलं, तर माईने त्याला टोपण लावून ते नर्सच्याच खिशाला अडकवून दिलं.

नर्सने चौघांना दाराबाहेर नेऊन स्वच्छ शब्दांत सांगितलं. आजची वेळ गेली तर मग परवा. परवापर्यंत आजी अशाच पडून राहणार. या वयात पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायातली ताकद जाते. "काही जण मग उठतच नाहीत. जेवणाच्या आत ठरवा. जबरदस्ती आम्ही करत नाही आणि तुम्हीही करायची नाही."

दादाला एकदम दुकान दिसलं, आणि दुकानात माई नव्हती. पन्नाशी उलटलेल्या माणसाने दवाखान्याच्या व्हरांड्यात रडू नये, म्हणून त्याने टेप गळ्यातून काढली आणि फार मन लावून गुंडाळली.

पहिली चढाई ताईने केली. तिने सांध्याचा धातू कोणता, तो किती वर्षं टिकतो, बधिर कसं करतात आणि शंभरातले किती जण चालत घरी जातात हे सगळं सांगितलं. माईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान सांगितलंस. आता पाणी दे."

"म्हणजे तयार आहेस?"

"म्हणजे तहान लागलीय."

मावशी एवढ्याचीच वाट बघत होती. "तिला माहिती नकोय गं, तिला धीर हवाय. माणूस म्हातारं झालं की गोळीने अर्धंच काम होतं, उरलेलं अर्धं श्रद्धेने. मी गुरुजींना फोन केलाय. ते निघाले."

"गुरुजी हाडं जोडतात का?" ताई म्हणाली.

"तू तरी कुठे जोडतेस? तू तर नुसत्या बाटल्या विकतेस."

हे दोघींचं जुनंच होतं. मावशीच्या खोकल्यावर ताईने दिलेलं औषध मावशी अंगाऱ्याबरोबर घ्यायची आणि गुण आला की श्रेय अंगाऱ्याला द्यायची. ताईला ते अजून पचलेलं नव्हतं.

गुरुजी आले. पांढरी दाढी, करडा लांब कोट, आवाज मधाळ. माणूस भला होता. त्यांनी माईची विचारपूस केली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग सांगायला लागले, की माई, देह म्हणजे काय, एक कपडा. जुना झाला, विरला, तर त्याचा मोह किती धरायचा?

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने छताकडे पाहिलं. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे कमाल होती.

"गुरुजी," माई म्हणाली, "कपडा विरला म्हणून टाकून देतात ते आळशी. माझ्याकडे बापाचा कोट घेऊन मुलगा येतो. मी तो उसवते, उलटा करते, नवं अस्तर लावते, आणि मग तो कोट नातू घालतो. मोह धरायचाच की! कापड चांगलं असलं तर धरायचाच."

"मग हा कपडाही दुरुस्त करून घ्या ना," गुरुजी हसून म्हणाले.

माईची नजर मात्र गुरुजींच्या बाहीवर गेली होती. "हे अस्तर किती दिवस असं लोंबतंय? काढा तो कोट. सूनबाई, तुझ्या पर्समध्ये सुई असेल आणि छोटी कात्रीही."

अर्थातच होती. या घरातल्या बायकांच्या पर्समध्ये पैसे नसतील एखादे वेळी, सुई असायचीच. गुरुजींनी कोट उतरवला. माईने बाही पोटावर पसरली, तिच्यावर पालथा हात ठेवला, बोटं फाकली आणि डोळे मिटले.

आणि खोलीतले सगळे एका क्षणात चूप झाले. मावशीचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. कपात चमचा फिरवणाऱ्या ताईचा हात थांबला. गुरुजी बिचारे चकित होऊन सगळ्यांकडे बघत राहिले, कारण त्यांना कोण सांगणार? दुकानात वाढलेल्या कोणालाच हे सांगावं लागत नसे. माईचा हात कापडावर गेला की बोलायचं नाही, मशीन चालवायचं नाही, गिऱ्हाईक आलं तर त्यानेही उभं राहायचं. माईने डोळे उघडून कात्री उचलली की जग पुन्हा सुरू. दादाला ती मनात हिशेब करतेय असं वाटे, ताईला कापडाचा पोत चाचपतेय असं, आणि देवाचं नाव घेतेय याबद्दल मावशीची खात्रीच होती. विचारलं मात्र कोणी नव्हतं, कारण त्या वेळी बोलायचंच नसे, आणि नंतर कामं असत.

माईने डोळे उघडले, लोंबणारी चिंधी कापली, टाके घातले, दोरा दातांनी तोडला. गुरुजींनी कोट घालून बाही बघितली. "मी तुम्हाला धीर द्यायला आलो होतो," ते म्हणाले, "आणि बाही शिवून घेऊन चाललो." जाताना ते खरंच खूश दिसत होते. मावशी मात्र त्यांना सोडायला जाताना जरा खट्टू झाली होती.

माई दमून मागे टेकली. आणि तेव्हा वहिनीला ते दिसलं. चादरीखालून माईचा उजवा हात खाली सरकला, मोडलेल्या खुब्यावर गेला आणि तिथे पालथा पडून राहिला. बोटं तशीच फाकलेली होती.

व्हरांड्यात तोवर वेगळंच शिजत होतं. जन्मात एका बाजूला न आलेल्या ताई आणि मावशी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

"मन शांत करायची एक हलकी गोळी असते," ताई हळूच सांगत होती. "ती दिली, की जरा मऊ होईल. मग गोड बोलून सही घ्यायची."

"मी गोड बोलते," मावशी म्हणाली. "गोळी चहातून दे."

"चहातून कशाला? सांगू व्हिटॅमिन म्हणून."

दादा मान हलवत होता. ती होकाराची की नकाराची, हे त्यालाही माहीत नसावं.

"नाही," वहिनी म्हणाली.

तिघांनी वळून पाहिलं. याआधी वहिनी शेवटची 'नाही' म्हणाली होती ती कापड कापायच्या विजेच्या मशीनवरून. ते मशीन ताईने हौसेने आणलं होतं, दादाला हवं होतं, आणि वहिनीने माईची बाजू घेतल्यामुळे ते अजून खोक्यातच बसून होतं. तेव्हापासून नणंद-भावजयींत बोलणं होतं, पण मोजून मापून.

"वहिनी, हा हट्टाचा प्रश्न नाहीये," ताई म्हणाली. "ती चालेल की नाही याचा आहे."

"म्हणूनच म्हणते. उद्या त्या चालायला लागल्या आणि त्यांना कळलं, की आपण फसवून सही घेतली, तर त्या आपल्याकडे चालत येतील का? आणि ताई, तुम्ही सगळ्यांनी त्यांना सगळं सांगितलंत. विचारलं कोणी?"

"दादाने विचारलं की. म्हणाली, सकाळ झाली."

"मग सकाळी काय झालं ते विचारायला हवं."

दादा दोन पावलं सरकला आणि बायकोशेजारी जाऊन उभा राहिला. "जा, तू विचार," तो म्हणाला. मावशीने "हा गेला तिकडे" अशा अर्थाचा उसासा सोडला.

वहिनीने आत जाऊन दार लोटलं आणि पलंगाच्या कडेला टेकली. सासू-सुनेचं सूत चांगलं होतं, पण त्या हाताबद्दल विचारणं म्हणजे न उघडलेल्या कपाटाला हात घालण्यासारखं होतं.

"माई, कात्री लावण्याआधी तुम्ही कापडावर हात ठेवता, तेव्हा काय करता?"

माईने तिच्याकडे नीट पाहिलं. "आज कसं सुचलं?"

"आता तुमचा हात कुठे आहे, म्हणून."

माईने हात काढला नाही. मग म्हणाली, "ज्याचा कपडा त्याला आठवते गं. मापं कागदावर असतात, माणूस कुठे कागदावर असतो? कोणाचा एक खांदा उतरलेला असतो, कोणाचा नवरा नुकताच गेलेला असतो, एखादा पोरगा पहिल्या नोकरीच्या भीतीने अर्धा झालेला असतो. त्याला सबंध डोळ्यांपुढे आणते आणि म्हणते, याला नीट बसू दे. एवढंच. कोणाला म्हणते ते विचारू नकोस, मलाही नीटसं माहीत नाही. पण कोणीतरी ऐकतं. ऐकलं, की हात हलका होतो. मग कात्री."

"आणि सकाळी?"

"सकाळी त्या बाई आल्या. हाड बघितलं, माप वाचलं, गेल्या. मला कापणार आहेत गं त्या." माईचा आवाज कापला. "मी दीड वार कापडासाठी थांबते. माझ्यासाठी कोणी तेवढंही थांबायचं नाही?"

वहिनीने माईच्या हातावर आपला हात ठेवला. "मला वाटलं, तुम्हाला मरणाची भीती वाटतेय."

"वाटतेय की. न वाटायला मी काय गुरुजी आहे? पण भीती घेऊन जाता येतं माणसाला. आपण कोणाच्या ध्यानातच नाही, असं होऊन त्या टेबलावर नाही जाता येत."

बाहेर आल्यावर वहिनीने जसंच्या तसं सांगितलं. मावशी डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे देवाचं नाव घेत नव्हती!" पण तक्रार नव्हती त्यात. ताई मात्र उसळली.

"हे डॉक्टरांना जाऊन सांगायचं? की आमच्या आईच्या अंगावर हात ठेवून डोळे मिटा? वेड्यात काढतील. माझी रोजची ओळख आहे इथे, माझ्या दुकानातून औषधं येतात यांच्याकडे!"

ताई भिंतीला टेकली आणि सवयीने कोटाच्या खिशात हात घातले. तो कोट माईनेच शिवला होता. ताईने औषधांचं शिक्षण पुरं केलं तेव्हाचा, दोनदा कॉलर उलटवलेला. ते कापड बेतताना ताई समोर उभी होती. त्या दिवशी माईचा हात कापडावरून उठतच नव्हता, आणि ताईने घड्याळ बघत म्हटलं होतं, आटप ना गं. नियम मोडून बोलली होती, तरी माई रागावली नव्हती. ताईला आत्ता कळलं, की तेवढा सगळा वेळ माई तिलाच बघत होती. तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला रागही आला.

"मीच जाते," ती म्हणाली. "तुम्ही कोणी गेलात तर घोळ घालाल."

डॉक्टरीणबाई आपल्या खोलीत उभ्यानेच बिस्किटं खात होत्या. ताईने आधी स्वतःचा परिचय दिला, मग माईचं वय, मग रक्तदाब, आणि एवढं झाल्यावर सांगण्यासारखं दुसरं काही उरलं नाही म्हणून खरं ते सांगितलं. सांगताना तिचे कान तापले होते.

डॉक्टरीणबाईंनी बिस्किटाचा पुडा खाली ठेवला. "काय शिवतात त्या?"

"कोट. मुख्य कोटच."

"हं." त्यांनी हात पुसले. "आम्ही थांबतो, माहितीये? प्रत्येक वेळी. चाकू लावण्याआधी सगळे हातातलं काम सोडतात. पेशंट कोण, कुठली बाजू, काय करायचं, हे मोठ्याने बोलतो. नियमच आहे. मी त्याच्यानंतर आणखी एक श्वास घेते. तो नियमात नाही." त्यांनी ओशाळून कोटावरचे कण झटकले. "पण सकाळी त्यांना हे कुठून दिसणार? सकाळी मी धावत होते. चला."

त्या आत आल्या तेव्हा मावशीने खुर्ची रिकामी केली. असा प्रसंग घरातल्या कोणाच्या आठवणीत नव्हता. डॉक्टरीणबाई बसल्या.

"आजी, सकाळी मी तुमच्याशी बोललेच नाही. चुकलं माझं."

"घाईत असाल," माई म्हणाली. आवाज अजून ताठ होता.

"हात ठेवू?"

माईने आपला हात बाजूला घेतला. डॉक्टरीणबाईंनी खुब्यावर अलगद हात ठेवला आणि डोळे मिटले. चौघंही सवयीने गप्प झाले. बाहेर कोणाची तरी ढकलगाडी करकरत गेली.

"काय दिसलं?" माईने विचारलं.

"स्टुलावर चढलेली एक आजी. खाली उतर म्हणून तिला कोणी सांगत नाहीये."

माईला हसू फुटलं आणि हसताना खुब्यात कळ आली, तशी ती "आई गं" करत पुन्हा हसली.

"कंबरेखालीच बधिर करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही जाग्या असाल. मध्ये पडदा असेल, पण ऐकू येईल. आम्ही थांबलो, की मी मोठ्याने सांगेन."

"त्या मागे फिरणाऱ्या पोरांनीही थांबायचं."

"सगळ्यांनी."

"आणि टाके बारीक घाल गं. जाड टाक्यांनी शिवण ओढली जाते." माईने 'तुम्ही' कधी सोडलं ते तिलाही कळलं नाही. "सूनबाई, त्या नर्सला बोलाव. तिचं पेन घेऊन ये म्हणावं."

दुपारभर चौघं बाकावर बसून होती. मावशी पुटपुटत होती, दादा टेप गुंडाळत आणि सोडत होता. ताई वहिनीशेजारी येऊन बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "ते मशीन परत करून टाकते मी. खोकं फोडलेलं नाहीये, घेतील."

"कशाला? गणवेशांच्या दिवसांत लागेल की," वहिनी म्हणाली. "कोटांना नको, एवढंच."

संध्याकाळी माई परत आली ती बोलतच. "सगळे थांबले बरं का! एक जण सारखा नाक ओढत होता, तोही थांबला. माझं नाव घेतलं तिने, पाय सांगितला, आणि मग एकदम शांत. मी पण आतून म्हटलं."

"काय म्हटलंस?" मावशीने विचारलं.

"म्हटलं, हिचा हात हलका होऊ दे. आणखी काय म्हणणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला शिकवणारा माणूस वॉकर घेऊन आला. हात मोठा, आवाज मोठा, उत्साह त्याहून मोठा. "चला आजी! एक, दोन, तीन म्हटलं की उठायचं! एक..."

"थांब," माई म्हणाली.

पलंगाच्या कडेला बसून तिने आपल्या मांडीवर पालथा हात ठेवला, बोटं फाकली आणि डोळे मिटले. दादा गप्प, वहिनी गप्प, मावशी सुद्धा गप्प. त्या माणसाने काही विचारायला तोंड उघडलं, तर सलाईन बदलणाऱ्या नर्सनेच त्याला बोटाने गप्प केलं. ताई दाराशी उभी होती. श्रद्धा वगैरे तिचा प्रांत नव्हता, ते ती आजही छातीठोकपणे सांगते. पण त्या क्षणी तिचे हात कोटाच्या खिशांत, माईने शिवलेल्या कापडावर पालथे होते, आणि डोक्यात फक्त माई होती, सबंध, पायांसकट. हिला नीट उभं राहू दे, ती म्हणाली. कोणाला म्हणाली, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"हं, चल आता," माईचा आवाज आला. मग वॉकरचा ठक्क आवाज, आणि सगळ्यांनी एकदम केलेला गलका.

ताईने डोळे उघडले तेव्हा माई पलंगापासून हातभर लांब उभी होती. पहिलं पाऊल ताईचं बघायचं राहूनच गेलं होतं.

माईने ते बरोबर हेरलं. "डोळे मिटले होतेस ना?" ती म्हणाली. "असू दे. दुसरं बघ."